फणसाला सूज आली तेव्हा

आमच्या घरमालकीणबाई माणसाची ओळख त्याच्या पायापासून करून घेत. मानकोली नाक्याच्या आत, गोदामांच्या मागच्या गल्लीत त्यांच्या भाड्याच्या तीन खोल्या होत्या. मी खोली बघायला पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, नोकरी काहीच विचारलं नाही. मला खुर्चीत बसवलं, स्वतः समोर उकिडव्या बसल्या आणि माझ्या घोट्याच्या वर अंगठा रुतवून मनात पाचपर्यंत मोजलं. मग अंगठा उचलून खड्डा पडलाय का ते निरखून पाहिलं.

"सूज न्हाय," त्या म्हणाल्या. "कवा येतेस राहायला?"

गॅसचा सिलेंडर आणणारा, मीटर बघायला येणारा, कोणीही या तपासणीतून सुटत नसे. एकदा मतं मागायला आलेला उमेदवार हार घालून दारात उभा होता. बाईंनी वाकून त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. बरोबरच्या कार्यकर्त्यांना वाटलं पाया पडतायत, त्यांनी घोषणा दिली. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "बीपी तपासून घ्या साहेब. निकालाच्या दिवशी पडाल." तो निवडणुकीत पडला की बीपीने, यावर गल्लीत अजून वाद आहे.

त्यांनी भिवंडीतल्या एका प्रसूतिगृहात तीस-बत्तीस वर्षं आया म्हणून ड्युटी केली होती. मेट्रन त्या कधीच नव्हत्या. मेट्रन व्हायला लागतं ते शिक्षण नव्हतं, आवाज होता. रिटायर झाल्यावर गावानेच त्यांना बढती दिली आणि सगळे त्यांना मेट्रनबाई म्हणू लागले. त्यांनीही आढेवेढे घेतले नाहीत.

त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट बाळंतपणासारखी दिसे. गॅसवर दूध ठेवून मी चमच्याने ढवळत उभी राहिले की आतून आवाज यायचा, "जोर लावू नको. त्याच्या टायमाला येतंय ते." एकदा आम्ही दोघी शेअर रिक्षाने ठाण्याला निघालो होतो. कशेळीच्या अलीकडे एक लांबलचक कंटेनर गोदामाच्या गेटात वळताना अडकला आणि मागे अर्ध्या तालुक्याचं ट्रॅफिक तुंबलं. अर्धा तास वाट पाहून बाई रिक्षातून उतरल्या, कंटेनरच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि ड्रायव्हरला हाताने खुणा करू लागल्या. "घाई न्हाय करायची! आधी डोकं येऊ दे. आलं ना? आता थांब. श्वास घे. आता खांदा फिरव हळूहळू." ड्रायव्हर पंजाबी होता. त्याला एक अक्षर कळलं नसावं, पण कंटेनर आत गेला. बाई परत येऊन बसल्या आणि पदराने घाम पुसत म्हणाल्या, "आडवा होता."

मी तेव्हा एका मोठ्या गोदामात कामाला होते. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेला माल उघडून बघायचा आणि परतीचं कारण नोंदवायचं, ही माझी ड्युटी. संध्याकाळी घरी आले की अंगणातल्या फणसाखाली बाई खुर्ची टाकून बसलेल्या असत. पहिला प्रश्न ठरलेला.

"आज काय परत आलं?"

"एक मिक्सर. फार आवाज करतो म्हणून."

बाई विचार करत. "आमच्याकडे बरं होतं," त्या म्हणत. "आवाज करतो म्हणून कोनी परत न्हाय आनला."

हा फणस बाईंच्या नवऱ्याने लावलेला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर बाईंचं, पण अंगणात त्यांच्या धाकट्या दिराचाही वाटा होता. गावात आजूबाजूच्या सगळ्या अंगणांची गोदामं नाहीतर टेम्पोंची पार्किंगं झाली होती आणि दीर कधीपासून मागे लागला होता, की वहिनी, एवढी जागा नुसती सावलीला कशाला अडवताय. एका भांडणात बाई तोऱ्यात बोलून गेल्या होत्या, "ह्यो फणस हाय तवर अंगन माझं. फणस गेला की सगळं तुमाला." दिराने ते चार माणसांत दोनदा वदवून घेतलं होतं. झाड असं दांडगं, की बाईंना त्यात काही धोका वाटला नव्हता.

मग एका वर्षी, फेब्रुवारीत, बाईंच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि बाई अंबाडीला गेल्या. लेकीचं सासर तिथलं. सव्वादोन महिने त्या आल्या नाहीत. निघताना टेम्पोत बसण्याआधी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "झाडाकडे बघ जरा."

मी मनावर घेतलं. रोज सकाळी उठले की पाइप फणसाच्या आळ्यात सोडायचे आणि आपलं आवरायला जायचे. एप्रिलमध्ये पानं पिवळी पडायला लागली. लहान लहान फणस देठासकट गळून पडत होते. मला वाटलं, ऊन वाढलंय. मी पाइप जास्त वेळ ठेवायला लागले.

बाई परतल्या तो रविवार होता. हातात पिशव्या, खांद्याला पर्स, मोबाइलमध्ये नातवाचे फोटो. फाटकातून आत आल्या आणि थांबल्या. अर्धं झाड पिवळं पडलं होतं आणि उरलेली पानं दुमडून खाली लोंबत होती. त्यांनी पिशव्या तिथेच टाकल्या. बुंध्याशी उकिडव्या बसून मातीत अंगठा दाबला. पाचपर्यंत मोजलं. अंगठा उचलला तेव्हा खड्डा तसाच राहिला आणि बघता बघता पाण्याने भरला.

"सूज हाय," त्या म्हणाल्या. "अंगभर."

मग त्यांनी मूठभर चिखल उचलून नाकाला लावला आणि तोच हात माझ्या नाकाखाली धरला. पंधरा दिवस विसरलेल्या फुलदाणीतल्या पाण्यासारखा वास होता.

"बोलव सगळ्यांना," बाई म्हणाल्या. "हिस्ट्री घ्यायची हाय."

बाकीच्या दोन खोल्यांपैकी एकीत संतोष आणि त्याची बायको वैशाली राहत. संतोष टेम्पो चालवायचा. दुसरीत इद्रिसचाचा, लूमवर दिवसपाळी करणारे, मूळचे उत्तर प्रदेशचे. बाईंनी व्हरांड्यात बाक ठेवला, थोरल्या नातीच्या जुन्या वहीचा कोरा कागद काढला आणि आम्हाला एकेक करून बोलावलं. बाक आमच्यापासून चार हातांवर होता. सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं, तरी "पुढचा पेशंट" म्हणून हाक मारल्याशिवाय कोणी जायचं नाही.

"चाचा, पानी कितना डाला?"

"बस दो बाल्टी, मेट्रनजी. नहाने के बाद."

"रोज?"

"रोज. आपने ही तो बोला था, झाड को देखना."

बाईंची पेन्सिल क्षणभर थांबली. मग संतोष आला. तो म्हणाला, मी एक थेंब घातला नाही, मी फक्त टेम्पो झाडाशेजारी धुवायचो.

"टेम्पो घरामागं धुवायचास तू. इथं कशाला आनलास?"

"तुमीच म्हणालात ना, झाडाकडे बघ. म्हटलं, एका कामात दोन होतील."

वैशालीने खाली मान घालून सांगितलं, की ती दुपारी दोन कळश्या घालायची. संतोष एकदम उठून उभा राहिला. "तू पण घालायचीस?" त्यांचं तिथेच जुंपणार होतं, पण बाईंनी "नातेवाइकांनी शांत राहावं" म्हणून गप्प केलं.

माझी पाळी आली.

"पाइप किती वेळ सोडायचीस?"

"अर्धा तास."

बाईंनी नुसतं पाहिलं.

"पाऊण."

"तेवढ्यात काय काय उरकायचं तुझं?"

"अंघोळ, डबा, चहा."

"आनि केस?"

"केस रविवारी धुते."

"मंग रविवारी एक तास," म्हणत त्यांनी लिहून घेतलं. "आनि झाड मलूल दिसलं तवा काय केलंस?"

"वाढवलं," मी म्हटलं. मागे बसलेल्या तिघांनी जमिनीकडे पाहिलं. सगळ्यांनी तेच केलं होतं. पाण्यात बुडालेलं झाड अगदी तहानलेल्या झाडासारखं दिसतं, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

"तुला कोनी सांगितलं होतं पानी घालायला?"

"तुम्ही. निघताना. मला बाजूला घेऊन."

वैशाली हळूच म्हणाली, "मला पन बाजूला घेतलेलं."

बाई आमच्या चौघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिल्या. चौघांना चार वेळा बाजूला घेतलेलं त्यांना एकेक करून आठवत असावं. मग त्यांनी कागद सरळ केला आणि आमच्या नावांच्या वर, जिथे थोडी जागा उरली होती तिथे, स्वतःचं नाव लिहिलं.

"एकच डोस चौघांच्या हातात दिला मी," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं वॉर्डात काढून."

मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी फणसाचा रीतसर केसपेपर झाला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो सुतळीने बुंध्याला बांधला. नाव: फणस. तक्रार: सर्वांगास सूज. 'पतीचे नाव' या रकान्यापाशी बाई अडल्या. जरा विचार करून त्यांनी आपल्या कैलासवासी नवऱ्याचं नाव लिहिलं. "लावला त्यांनीच ना," त्या म्हणाल्या.

उपचार मात्र खरे होते. पाणी संपूर्ण बंद. झाडाभोवती विटांचं गोल आळं होतं, त्यात पाणी डबक्यासारखं साचायचं. ते संतोषने फोडलं. बुंध्याला चढलेली चिखलमाती आम्ही खुरप्याने मागे ओढली, मुळांचा वरचा भाग उघडा पडेपर्यंत. काही मुळं काळी पडून बोटाने चेपत होती. बाईंनी कोयता उकळत्या पाण्यात बुडवला आणि घट्ट, पांढरा भाग लागेपर्यंत ती छाटली. इद्रिसचाचांनी जरा लांब लांब पहार मारून जमिनीत भोकं पाडली, आतल्या मातीला हवा मिळावी म्हणून. शेवटी बुंध्यापासून गटारापर्यंत उताराचा चर खणला. संतोषने खताची गोणी आणली होती. बाईंनी ती फाटकातूनच परत पाठवली. "पोट फुगलेल्या मानसाला बिर्याणी घालतोस?"

यानंतर करण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच सगळ्यात कठीण गेलं. भेटण्याची वेळ चार ते सहा ठरली. झाडाजवळ तोंड पाडून उभं राहायचं नाही. "वाचेल का हो?" असं विचारायचं नाही. वैशालीने एकदा विचारलं, तर तिला दोन दिवस गेटपास मिळाला नाही. "वाट बघनं हेच खरं काम असतं," बाई म्हणत. "बाकीची पळापळ नातेवाइकांसाठी."

पण मे महिन्यातल्या एका दुपारी मला सुट्टी होती आणि मी खिडकीतून पाहिलं. बाई पाण्याने भरलेला तांब्या घेऊन फणसासमोर उभ्या होत्या. ऊन नुसतं भाजत होतं, पानं चिंध्यांसारखी लोंबत होती. त्यांचा हात पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. मग त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि तिथेच उभ्या उभ्या, एका दमात, सगळं पाणी स्वतः पिऊन टाकलं.

मी त्या संध्याकाळी विचारलं, "बाई, एवढं कशाला? सावली तर पत्रा टाकूनही होईल."

त्या वर बघत होत्या. "तीस वर्षं ट्यूबलाइटखाली काढली गं. लेबररूमला खिडकी नव्हती. बाहेर सकाळ हाय का संध्याकाळ, ते नातेवाइकांच्या कपड्यांवरनं कळायचं. मला पानांतनं येनारा उजेड पायजे. पत्र्यातनं न्हाय येत तो."

दिराला खबर लागायला वेळ लागला नाही. एका सकाळी अकराला तो पार्किंगचं काम घेणाऱ्या एका शेठला घेऊन आला. बाईंनी त्यांना फाटकातच अडवलं.

"भाऊजी, चारला या. आता राऊंड चालू हाय."

"वहिनी, झाडाला कसला राऊंड?"

"चारला."

कमाल म्हणजे ते चारला आले. बाईंनी एकेकालाच आत सोडलं. शेठ सज्जन निघाला. केसपेपर वाचून त्याने नकळत चपला काढल्या. दबक्या आवाजात विचारलं, झालंय काय. मग म्हणाला, आमच्याकडे नारळाचं असंच झालं होतं. मग इकडेतिकडे बघून त्याने पँट जरा वर ओढली आणि म्हणाला, संध्याकाळी पाय जड होतात हो. बाईंनी अंगठा दाबला. खड्डा पडला. पार्किंगचा विषय तिथेच राहिला आणि शेठ थेट डॉक्टरकडे गेला. दीर फाटकाबाहेर ताटकळत होता.

"पावसाच्या पहिल्या महिन्यापर्यंत बघतो वहिनी," तो म्हणाला. "नवं पान आलं तर तुमचं. न्हाय आलं तर शब्द पाळा."

बाईंनी मान हलवली. पावसाचं नाव काढल्यावर त्यांचा चेहरा उतरला होता. जमीन आत्ता कुठे सुकत आली होती.

मेच्या शेवटच्या रविवारी दुपारी आभाळ अवेळीच काळं झालं. संतोषने टेम्पोवरच्या दोन ताडपत्र्या काढून आणल्या. बुंध्यापासून चराकडे उतार धरून आम्ही त्या जमिनीवर अंथरल्या, म्हणजे पाणी मुळांत न जाता वरच्यावर गटारात जावं. दगड ठेवायला सवड मिळाली नाही. वारा सुटला आणि ताडपत्र्या पतंगासारख्या उडायला लागल्या. मग आम्हीच दगड झालो. चाचा एका कोपऱ्यावर उभे, संतोष दुसऱ्या, वैशाली तिसऱ्या, मी चौथ्या. बाई बुंध्याला मिठी मारून मधली फट दाबून धरत होत्या. धो धो पाऊस, आम्ही चिंब, आणि एक कोपरा तरीही फडफडत होता.

फाटकाशी छत्री घेऊन दीर उभा होता. तो पोट धरून हसत होता.

"झाडाला पाऊस लागू नये म्हनून मानसं भिजतायत?"

"भाऊजी, तो कोपरा धरा."

"मी? मी कशाला?"

"तुमच्या थोरल्याच्या टायमाला लेबररूमच्या दारात फिट येऊन कोन पडलेला? बायको टेबलावर आनि मी तुमाला कांदा हुंगवत होते. मी कवा कोनाला बोलले का?"

दीर थिजला. मग त्याने छत्री मिटली, चपला काढल्या आणि येऊन कोपऱ्यावर दोन्ही पाय रोवून उभा राहिला. तासभर आम्ही सहा जण तसेच. बऱ्याच वेळाने तो बुंध्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, आता बोललात ना पन."

"पावसात बोलले. कोनाला ऐकू गेलं?"

आम्हा चौघांना स्पष्ट ऐकू गेलं होतं. चाचा म्हणाले, "हमको मराठी कम आती है."

ताडपत्र्या मग नीट बांधल्या, चर रुंद केला, आणि पावसाळा सुरू झाला तरी बुंध्याशी पाणी ठरेना. जूनच्या मध्यावर बाई रोज नखाने फांद्यांची साल किंचित खरवडून बघत. रस्त्याच्या बाजूच्या फांद्या आत तपकिरी निघत. घराच्या बाजूच्या हिरव्या. मग एका सकाळी चहाचा कप घेऊन मी बाहेर आले तर बाई मान वर करून उभ्या होत्या. घराकडच्या एका फांदीच्या टोकाला, मिटलेल्या चोचीसारखी, हिरवीगार, चकचकीत पालवी होती. मी ओरडणार होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांचे डोळे मात्र वाहत होते.

दीर आला, त्याने पालवी पाहिली. झाडाला एक फेरी मारली. रस्त्याकडची बाजू वाळून कोळ झाली होती.

"अर्धंच आलंय," तो म्हणाला. त्याचा आवाज भांडणाचा नव्हता.

बाईंनी पण एक फेरी मारली. "खरं हाय," त्या म्हणाल्या. "मंग अर्धं अंगन घ्या."

आम्ही सगळे म्हणालो, बाई, असं कसं, झाड तर वाचलं. त्या ऐकेनात. त्यांनी वाळलेल्या फांद्या कापून घेतल्या, बुंध्याला धरून अंगणाच्या आरपार चुन्याची रेघ मारली आणि रस्त्याकडची जागा दिराला दिली. तिथे आता दोन टेम्पो उभे असतात. अलीकडे एकाच बाजूला झुकलेला फणस, आणि त्याच्याखाली बाईंची खुर्ची. दुपारी टेम्पोवाले गरम झालं की रेघ ओलांडून फणसाच्या सावलीत येऊन बसतात. आधी पाय दाखवावे लागतात.

पुढे माझं लग्न झालं आणि आम्ही कशेळीला फ्लॅट घेतला. बाल्कनीत मी हौसेने दहा-बारा कुंड्या मांडल्या. बाई एकदा न सांगता आल्या. चहा घेतला, माझ्या नवऱ्याच्या नडगीवर अंगठा दाबला, ठीक आहे म्हणाल्या. मग बाल्कनीत जाऊन प्रत्येक कुंडीत एकेक बोट खुपसलं. सगळ्या कुंड्या झाल्यावर बोट पदराला पुसलं आणि काही न बोलता आत येऊन बसल्या. नातवाच्या शाळेच्या गोष्टी सांगितल्या. मी टीका ऐकायची तयारी करून बसले होते, ती झालीच नाही. मला जरा अभिमानही वाटला.

त्या गेल्यावर संध्याकाळी पाणी घालायला गेले, तर माझी झारी जागेवर नव्हती. घर पालथं घातलं. शेवटी त्यांना फोन लावला.

"हां, मी आनलीय," बाई म्हणाल्या. "तुला मागाहून देते."

याला चार वर्षं झाली. झारी अजून मिळालेली नाही. कुंड्या छान आहेत.